आतपत्र : ग्रीष्मचर्येतील एक उपेक्षित पथ्य

विदर्भातील वैद्याला ग्रीष्म ऋतू ग्रंथात शोधावा लागत नाही. कळमन्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात वैशाखातील दुपारी एक वाजता घटकाभर उभे राहिले, की आदानकाल म्हणजे काय हे कोणत्याही टीकेच्या आधाराविना उमजते. सकाळपासून चाललेले लिलाव आटोपत आलेले असतात, पोत्यांची चढउतार मात्र थांबलेली नसते. मिरचीच्या ढिगांवरून तिखट धूळ उठत असते. वरून सूर्य तापवीत असतो आणि सिमेंटच्या आवारातून वर येणारी झळ खालून तोंडावर येत असते. अशा वेळी ज्याला सावली मिळते तो भाग्यवान, आणि ज्याला ती सोबत घेऊन फिरता येते तो शहाणा म्हणावा.

प्रस्तुत लेखकाचे रुग्ण प्रामुख्याने याच परिसरातील आहेत. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत शिरःशूल, भ्रम, मूत्रदाह, घोळणा फुटणे, अंगाची लाही होणे या तक्रारींची रीघ लागते. ‘उन्हात फिरू नका’ हे वाक्य या तीन महिन्यांत आपण सर्वच वैद्य दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतो. परंतु ज्याचे पोटच उन्हावर चालते त्याला हे वाक्य निरुपयोगी असते. मग आपण त्याला पुढचे वाक्य सांगतो, ‘निदान छत्री तरी घ्या.’ हे दुसरे वाक्यही आपण किती अपुरे सांगतो, याची जाणीव लेखकाला एका रुग्णेने करून दिली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरचीचे देठ खुडण्याचे काम करणारी, साठीच्या घरातील एक बाई चैत्रात दवाखान्यात आली. सकाळी नऊनंतर डोके धरू लागे, सूर्य माथ्यावर येईपर्यंत वेदना वाढे आणि ऊन उतरले की कमी होई. लक्षणे सूर्यावर्ताची होती. औषध दिले आणि नेहमीच्या सवयीने सांगितले, “मावशी, उन्हात बसताना छत्री घेत जा.” ती हसून म्हणाली, “छत्री धरू का देठं खुडू, डॉक्टरसाहेब? हात तं दोनच हायेत.”

तरीही वैद्याचा शब्द तिने पाळला. आठ दिवसांनी ती छत्रीसह आली. फुलाफुलांची, तीन घडीची, पातळ कापडाची ती छत्री तिने पोत्याला सुतळीने बांधून वापरली होती. डोकेदुखी मात्र जवळजवळ तशीच होती. छत्री उघडून खिडकीशी धरली तेव्हा कापडातून बाहेरचा सूर्य स्वच्छ दिसला. चूक तिची नव्हती. औषध लिहिताना मात्रा, काल आणि अनुपान यांचा उल्लेख न चुकता करणाऱ्या वैद्याने छत्री मात्र नुसती ‘घ्या’ म्हणून सांगितली होती. कोणती घ्यावी, कशी धरावी आणि हात मोकळे नसतील तर काय करावे, यांतले काहीच सांगितले नव्हते. त्या अनुभवातून हा लेख सिद्ध झाला आहे.

शास्त्राधार

आतप म्हणजे ऊन आणि त्यापासून जे त्राण करते ते आतपत्र. या शब्दात पावसाचा उल्लेखच नाही. आपल्याकडे छत्री मृग नक्षत्र लागल्यावाचून माळ्यावरून खाली उतरत नाही, हा रिवाज शब्दाच्या मूळ अर्थाशी विसंगत आहे.

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पाचव्या, मात्राशितीय अध्यायात स्वस्थवृत्ताचे विवेचन करताना पादत्राण, छत्र आणि दंड यांचे गुण लागोपाठ सांगितले आहेत. छत्रधारण हे बलकारक, संरक्षक आणि कल्याणकारक असून ऊन, वारा, धूळ व पाणी यांचे निवारण करणारे आहे, असा तेथील आशय आहे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात छत्राला वर्ण, नेत्र आणि ओज यांस हितकर म्हटले आहे. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात बाहेर पडताना छत्र आणि पादत्राण धारण करावे व चार हात पुढे पाहून चालावे, असा उपदेश केला आहे.

या तिन्ही ठिकाणी छत्र हे स्वस्थवृत्ताच्या प्रकरणात आले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तथापि त्याचे चिकित्सेतील स्थानही स्पष्ट आहे. शिरोरोगांच्या हेतूंत चरकाचार्यांनी धूळ, धूर आणि हिम यांच्यासमवेत आतपाची गणना केली आहे. रक्तदुष्टीच्या हेतूंतही अतिरिक्त आतपसेवन येते. हेतूचा त्याग हे चिकित्सेचे पहिले पाऊल मानले, तर छत्री हे निदानपरिवर्जनाचे साधन ठरते. ग्रीष्मात स्नेहांश शोषला जातो, कफ दिवसेंदिवस क्षीण होतो, वायूचा संचय होतो आणि बल नीचांकास पोहोचते. अशा शरीरावर प्रखर ऊन पडले तर ते अल्पकाळातही अधिक अपाय करते.

परंपरेनेही छत्रीचा संबंध उन्हाशीच जोडला आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला छत्र आणि पादुका यांच्या उत्पत्तीची कथा सांगतात. जमदग्नी बाण सोडीत होते आणि रेणुका ते वेचून आणीत होती. भर दुपारी उन्हाने मस्तक व पाय पोळल्यामुळे ती झाडाच्या सावलीत क्षणभर थांबली व तिला उशीर झाला. कारण कळताच जमदग्नींनी सूर्यावरच बाण रोखला, तेव्हा सूर्याने शरण येऊन मस्तकासाठी छत्र आणि पायांसाठी पादुका दिल्या. माहूरच्या रेणुकामातेला मानणाऱ्या आपल्या प्रदेशात ही कथा रुग्णाला सांगितली, तर छत्रीचा उपदेश त्याच्या मनात चांगला ठसतो, असा अनुभव आहे. कथेतील एक बारकावा वैद्याने विशेष ध्यानात ठेवावा. सूर्याने छत्र एकटे दिले नाही, सोबत पादुकाही दिल्या. ताप वरून येतो तसाच खालूनही येतो.

छत्री काय करते आणि काय करीत नाही

उघड्यावर उभ्या असलेल्या मनुष्यास उष्णता तीन वाटांनी पोहोचते. पहिली वाट सूर्याच्या थेट किरणांची. दुसरी आकाशातून विखुरलेल्या व जमिनीवरून, भिंतींवरून परावर्तित झालेल्या किरणांची. तिसरी तापलेल्या हवेची. छत्री पहिली वाट बव्हंशी अडविते, दुसरी अंशतः अडविते आणि तिसरी मुळीच अडवीत नाही.

हवामान खात्याने जाहीर केलेले तापमान सावलीतील असते. तापमापक झडपांच्या लाकडी पेटीत, थेट उन्हापासून दूर ठेवून ही नोंद घेतली जाते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, ते असेच सावलीतले. म्हणून पारा ४५ अंशांवर असताना छत्रीखालची हवाही ४५ अंशांचीच राहते. त्वचेचे तापमान साधारणतः ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून अधिक तापली, की वारा शरीराला थंड करण्याऐवजी तापवितो आणि घामाचे बाष्पीभवन हाच शरीराचा एकमेव आधार उरतो. छत्री किरणांचा भार कमी करून या आधारावरील ताण हलका करते. तिच्या आधारावर भर दुपारी दोन कोस चालण्याचे धाडस करू नये, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे.

किरणांच्या बाबतीत आधुनिक निरीक्षणेही उपलब्ध आहेत. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात २३ हातछत्र्या तपासल्या. त्यांनी किमान ७७ टक्के अतिनील किरण अडविले आणि काळ्या छत्र्यांनी किमान ९० टक्के अडविले. याची दुसरी बाजू २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. टेक्सास राज्यातील एका तलावाच्या काठी ८१ व्यक्तींना साडेतीन तास उन्हात बसविण्यात आले. केवळ मोठ्या छत्रीखाली बसलेल्यांपैकी ७८ टक्के जणांची त्वचा कुठे ना कुठे पोळली, तर केवळ उन्हापासून संरक्षण देणारा लेप लावलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. छत्रीच्या कडेखालून येणारे विखुरलेले किरण पुरेसे अपायकारक असतात, हा त्याचा बोध. गोरी कातडी आणि आपली कातडी यांत फरक असला, तरी किरणांचा मार्ग तोच आहे. सबब छत्रीखालीही पूर्ण बाह्यांचे सैल सुती वस्त्र आणि पादत्राण आवश्यक ठरते.

निवड

छत्री घेताना पुढील बाबी पाहाव्यात.

कापड : विणीचा दाटपणा हा सर्वांत महत्त्वाचा गुण होय. दुकानातच छत्री उघडून उजेडाकडे धरावी. दिव्याची वा सूर्याची आकृती कापडातून दिसत असेल तर ती छत्री उन्हाच्या कामाची नाही. शिवणींपाशी आणि मध्यभागी टोपीखाली प्रकाशाचे ठिपके दिसतात काय, हेही पाहावे. दुहेरी कापडाची छत्री थोडी जड असते, पण तिचा गुण निश्चित अधिक असतो.

रंग : काळा रंग किरणे शोषून घेतो, त्यामुळे ती आरपार जात नाहीत, मात्र कापड स्वतः तापते. पांढरा रंग ऊन परतवितो, परंतु पातळ पांढऱ्या कापडातून बरीच किरणे खाली उतरतात. म्हणून बाहेरून फिकट किंवा चंदेरी आणि आतून काळा अशी रचना उत्तम. बाहेरचा पृष्ठभाग ऊन परतवितो आणि आतला काळा रंग जमिनीवरून वर आलेला प्रकाश पुन्हा तोंडावर न टाकता शोषून घेतो. आतून चंदेरी असलेली छत्री नेमके याच्या उलट वागते. दुहेरी छत्री परवडत नसेल, तर घरातील पावसाळी, दाट काळी छत्री नव्या रंगीत पातळ छत्रीपेक्षा केव्हाही बरी.

खूण : काही छत्र्यांवर यूपीएफ हा अंक छापलेला असतो. यूपीएफ ५० याचा अर्थ अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे दोन टक्के, कापडातून आत येतो. हा अंक कापडाचा आहे. कडेखालून येणाऱ्या किरणांचा हिशेब त्यात नसतो.

आकार : छत्रीचे माप बहुधा काडीच्या लांबीवरून सांगितले जाते, छताच्या रुंदीवरून नव्हे. उघडलेली छत्री डोक्यावर धरून दोन्ही खांदे पूर्ण सावलीत येतात काय, ही सर्वांत सोपी कसोटी. खोलगट छत उथळ छतापेक्षा कडेचे ऊन अधिक अडविते.

सांगाडा : काड्या व सांधे हलवून पाहावेत. तीन घडीची छत्री पिशवीत मावते, पण तिला सांधे अधिक आणि म्हणून दुखणीही अधिक. मे महिन्यातील वावटळीत ती चटकन उलटते. ज्यांना रोज लांब चालावे लागते त्यांनी सरळ दांड्याची घ्यावी. वृद्धांना तर तिचा दुहेरी उपयोग आहे, कारण चरकाचार्यांनी छत्रापाठोपाठ दंडही सांगितला आहे. मात्र काठी म्हणून टेकायची असेल तर दांडा भक्कम असावा व टोकाला रबरी बूच असावे.

धारणविधी

पावसाची छत्री आपण सरळ धरतो आणि उन्हातही तीच सवय चालू ठेवतो. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात नागपुरात मध्यान्ही सूर्य थेट माथ्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस आणि नवतपाचा आरंभ आपल्याकडे जवळजवळ एकाच सुमारास येतात. तेव्हा बारा वाजता सरळ छत्री योग्यच. पण दहा वाजता किंवा चार वाजता ऊन तिरपे असते. त्या वेळी छत्री सूर्याच्या दिशेने कलती धरावी. आपल्या छायेत मान, कान आणि छाती येतात काय, हे सावलीकडे पाहूनच समजते.

छत्रीचे कापड डोक्याला टेकवू नये. तापलेले कापड डोक्याला उष्णता देते. मध्ये वितभर मोकळी जागा असली म्हणजे हवा खेळती राहते. दुचाकीवर मागे बसून छत्री उघडू नये. वाऱ्याच्या एका झोताने तोल जाऊन जीवघेणा अपघात होऊ शकतो. वळिवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या, तर मोकळ्या आवारात छत्री घेऊन उभे न राहता पक्क्या इमारतीचा आश्रय घ्यावा.

सकाळच्या कोवळ्या उन्हात छत्रीची गरज नाही. आतपसेवनाचा अंतर्भाव चरकाचार्यांनी लंघनाच्या प्रकारांत केला आहे आणि अस्थींच्या पोषणासाठी आवश्यक असे ‘ड’ जीवनसत्त्वही त्वचा उन्हातूनच तयार करते. वर्ज्य आहे ते ग्रीष्मातील सकाळी दहा ते दुपारी चार यांमधील प्रखर ऊन.

पुरुषवर्गाचा संकोच हाही एक अडसर आहे. पावसात छत्री घेणारा पुरुष उन्हात ती घेण्यास लाजतो. हा संकोच केवळ आपल्याकडचा नव्हे. जपानमध्येही उन्हाची छत्री स्त्रियांची समजली जाई. तेथील पर्यावरण मंत्रालयाने २०१९ मध्ये पुरुषांनीही ती वापरावी यासाठी जाहीर प्रचार केला. आपल्याकडे हे काम वैद्य सहज करू शकतो, मात्र त्याने स्वतः छत्री घेऊन दवाखान्यात यावयास हवे.

निगा

ज्या उन्हापासून छत्री आपले रक्षण करते तेच ऊन तिला जीर्ण करते. कापडाचे तंतू कमजोर होतात, रंग विटतो आणि चंदेरी मुलाम्याचे पोपडे निघू लागतात. म्हणून वापरात नसताना ती उन्हात, गाडीच्या काचेमागे किंवा सायकलच्या कॅरिअरला लावून ठेवू नये. प्रत्येक उन्हाळ्याच्या आरंभी, साधारणतः होळीच्या सुमारास, ती उजेडाकडे धरून पुन्हा तपासावी. छिद्रे किंवा विरळ पट्टे दिसल्यास ती केवळ पावसाच्या उपयोगास ठेवावी किंवा कापड बदलून घ्यावे.

कळमन्यासारख्या ठिकाणी छत्रीवर धान्याची व मिरचीची धूळ बसते. ती तोंडापासून दूर, वाऱ्याच्या दिशेने झटकावी, अन्यथा डोळ्यांची आग अटळ आहे. महिन्यातून एकदा छत्री उघडी ठेवून मऊ फडक्याने, रिठ्याच्या पाण्याने अथवा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावी आणि स्वच्छ पाण्याने निथळून घ्यावी. घासणी, गरम पाणी आणि रंग उडविणारी द्रव्ये टाळावीत. त्यानंतर ती सावलीत उघडीच वाळवावी. ओली छत्री गुंडाळल्यास कापडाला बुरशी व वास लागतो आणि काड्या गंजतात. गंजलेली काडी कापडाला आतून कातरते आणि पहिले छिद्र बहुधा तेथेच पडते.

सांध्यांना आणि खटक्याला ऋतूच्या आरंभी शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा व जादा तेल पुसून टाकावे. खोबरेल वा तिळाचे तेल येथे वापरू नये. ते कालांतराने चिकट होते आणि धूळ धरून ठेवते. काडीच्या टोकाचा टाका सुटला तर त्याच दिवशी घालावा. छत्री मिटवताना घड्या हाताने सारख्या कराव्यात आणि पट्टा सैल बांधावा. घट्ट पिळून बांधलेल्या कापडावर कायमच्या रेषा पडतात व मुलामा प्रथम त्या रेषांवरच फाटतो.

विशेष रुग्ण

सूर्यावर्त, अर्धावभेदक, रक्तपित्त, नेत्राभिष्यंद या व्याधींचे रुग्ण, पित्तप्रकृतीच्या व्यक्ती, वृद्ध आणि गर्भिणी यांना छत्री आवर्जून लिहून द्यावी. याखेरीज आपल्याच औषधांमुळे ज्यांना उन्हाचा अपाय संभवतो, अशा रुग्णांकडे विशेष लक्ष असावे. बाकुचीमध्ये सोरॅलेन हे द्रव्य असते आणि त्यामुळे त्वचा किरणांना अतिशय संवेदनशील होते. श्वित्रात आपण याच गुणाचा उपयोग करतो. परंतु ठरवून दिलेल्या अल्पकाळाच्या कोवळ्या आतपसेवनानंतर तो रुग्ण दुपारी बाजारात उघड्या अंगाने वावरला, तर फोड येण्यास वेळ लागत नाही. भल्लातकाचे कल्प चालू असताना तर ऊन आणि अग्नी हे वर्ज्यच सांगितले आहेत. रुग्ण डॉक्सिसायक्लिनसारखी आधुनिक औषधे घेत असेल, तरी हीच दक्षता घ्यावी. अशा वेळी चिठ्ठीवर औषधाच्या खालीच छत्रीचा उल्लेख असावा.

ज्यांचे हात मोकळे नाहीत

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येऊ. बाजाराच्या आवारात काम करणाऱ्या बहुतेकांचे हात कामात गुंतलेले असतात. पाठीवर क्विंटलाचा भार घेणारा हमाल, काट्यावर पोती चढविणारा मापारी, ढिगाशी बसलेली मजूर स्त्री यांना छत्रीचा उपदेश करणे म्हणजे केवळ औपचारिकता होय.

त्यांच्यासाठी सुश्रुताचार्यांनी छत्राप्रमाणेच उष्णीषाचेही गुण सांगितले आहेत. शिरोवस्त्र हे वारा, ऊन आणि धूळ यांचे निवारण करणारे व केसांस हितकर आहे. आपल्याकडील मुंडासे, फेटा आणि कानांवरून घट्ट गुंडाळलेला दुपट्टा ही त्याचीच रूपे. सुती वस्त्राचे दोन-तीन पदर घ्यावेत, ते मानेवर वीतभर लोंबते ठेवावे आणि शक्य तेव्हा ओले करून पिळून बांधावे. नागपूरच्या कोरड्या हवेत ओले वस्त्र झपाट्याने वाळते आणि वाळताना थंडावा देते. हमालाच्या डोक्यावरची चुंबळ ही ओझ्यासाठी असते. तिने मान व कान झाकत नाहीत, हे त्याच्या लक्षात आणून द्यावे.

बैठे काम करणाऱ्यांसाठी छत्री जमिनीत रोवावी. हातगाडीवर लावतात तशी मोठी छत्री, किंवा चार बांबूंवर ताणलेले दुहेरी तरट हा तिचा सोपा अवतार. सावली सूर्यासमवेत सरकते, म्हणून पश्चिमेकडील बाजूस एक पडदा सोडावा, अन्यथा दुपारी तीननंतर ती सावली शेजाऱ्याच्या वाट्याला जाते. खाली ओले गोणपाट अंथरले तर जमिनीची झळ उणावते. तासातासाने पाणी, ताक वा पन्हे यांची सोय छत्रीइतकीच महत्त्वाची आहे.

हे सर्व मजुराने एकट्याने करावयाचे नाही. माथाडी व हमाल कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली केलेल्या अधिनियमाच्या उद्दिष्टांत त्यांचे आरोग्य व सुरक्षितता यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अहमदाबादेत २०१३ मध्ये आणि नागपुरात २०१६ मध्ये उष्णतेच्या लाटेला तोंड देण्याच्या योजना आखल्या गेल्या. या योजनांत पाणी, सावली आणि कामाच्या वेळा यांवर भर असतो. परिसरातील वैद्यांनी अडत्यांशी आणि व्यापाऱ्यांशी बोलून लिलावाच्या जागी सावलीची मागणी केली, तर तो औषधोपचाराचाच भाग समजावा. वैद्याच्या शब्दाला बाजारात अद्याप मान आहे.

एक इशारा येथे अवश्य नोंदवावा. उन्हात काम करणारा मनुष्य असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा तो बेशुद्ध झाला आणि अंग भट्टीसारखे तापले असेल, तर तो उष्माघात होय. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेले की प्रत्येक मिनिट मोलाचे असते. त्याला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा आणि जांघा येथे बर्फ ठेवावा आणि विनाविलंब रुग्णालयात हलवावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी वा औषध घालू नये. छत्रीचे आणि पन्ह्याचे काम त्याआधीचे असते.

उपसंहार

पुढील हंगामात त्या बाईच्या बसण्याच्या जागी तिच्या मालकाने बांबूंवर दुहेरी तरट ताणून दिले. लेखकाने त्यासाठी दोनदा जाऊन शब्द टाकला होता. पातळ छत्री तिने नातीला दिली आणि येण्याजाण्याच्या वाटेसाठी घरातील जुनी काळी छत्री काढली. त्या उन्हाळ्यात तिची डोकेदुखी बरीच आटोक्यात राहिली. नस्य आणि पोटातील औषधही चालू असल्याने श्रेय कोणाचे किती, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही. एवढे मात्र खरे, की हेतू दूर झाल्यानंतर औषधाची मात्रा कमी करता आली.

तेव्हा यापुढे छत्री लिहून देताना आपण चार गोष्टी लिहाव्यात. कापड कसे असावे, कोणत्या वेळी वापरावी, कशी धरावी आणि हात मोकळे नसतील तर तिच्याऐवजी काय करावे. चौथी ओळ लिहिण्यापूर्वी रुग्णाला त्याचे काम काय, हे विचारावे लागते. दवाखान्यात विचारावयाच्या प्रश्नांत तो प्रश्न पहिला असावा, हे कळमन्याच्या एका मजूर स्त्रीने शिकविले. अस्तु.